अंगठ्याजवळचा खड्डा



आमच्या बेळगावच्या मंडळीत एक काका आहेत, धंदा शिवणकामाचा. गेल्या पावसाळ्यात घरभेटीला गेले होते तेव्हा त्यांच्या हातून कपबशी निसटली. "हातात जोरच राहिला नाही बघ पोरी," ते म्हणाले. मी सहज बोलून गेले, "काका, दूध-अंडी घ्या, जरा व्यायाम करा." प्रार्थना केली आणि निघाले.

दोन महिन्यांनी उपासनेनंतर त्यांचा उजवा हात हातात घेतला तेव्हा दचकले. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बसून तिथे खड्डा पडला होता. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं. डावा हात मात्र होता तसा भरलेला. खाणं कमी पडलं असतं तर एकच हात कसा वाळला असता?

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी काकांच्या कोपराच्या आतल्या बाजूला चाचपलं. तिथला मज्जातंतू दोरीसारखा जाड झाला होता. हातावर एक फिकट चट्टा होता, त्यावर कापूस फिरवलेला काकांना कळत नव्हता. तो कुष्ठरोग होता.

डॉक्टरांनी समजावलं, की स्नायूला मेंदूचा निरोप मज्जातंतूतून पोचतो. निरोप थांबला की स्नायू वाळतो, मग कितीही खा. प्लास्टरमध्ये राहून रोडावलेला हात व्यायामाने भरून येतो. इथे आधी मज्जातंतूचा इलाज हवा. मानेत दबलेली नस, कोपरावर सतत पडणारा दाब, मधुमेह अशी इतरही कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कुष्ठरोगाच्या एमडीटी गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. मज्जातंतूची सूज उतरायला औषध वेगळं. दुखणं ६ महिन्यांच्या आतलं असेल तर ताकद परतायची आशा जास्त. त्यातले २ महिने माझ्या सल्ल्याने गेले होते.

परतताना काकांनी खाली बघत विचारलं, "आता प्रभुभोजनाला येऊ नको ना?" मी डॉक्टरांनी सांगितलेलंच सांगितलं. हात मिळवल्याने, एकत्र जेवल्याने हा रोग लागत नाही, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागणीची भीतीही संपते. पुढच्या रविवारी ते आले. मी त्यांच्याच बाकावर बसले.

मार्काच्या तिसऱ्या अध्यायातला वाळलेल्या हाताचा माणूस आपल्याला ठाऊक आहे. तो उजवा हात होता, असं लूक सांगतो. येशूने त्याला सर्वांमध्ये उभं केलं आणि हात पुढे करायला लावला. मी नेहमी चमत्काराकडेच बघत आले. लपवलेला हात आधी सर्वांसमोर आला, हे आता दिसलं.

काकांचा खड्डा अजून भरलेला नाही, पण कपबशी ते धरतात. तुम्ही घरभेटीला जाल तेव्हा सल्ला देण्याआधी हात हातात घ्या. एक बाजू रोडावलेली दिसली, बधिरपणा असला, बटण लावता येत नसलं, तर प्रार्थना करा आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात सोबत जा.