'वध', 'हत्या' आणि मॅकबेथचा एक शब्द

अनुवादाचा पेपर शिकवताना 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकातील सातव्या प्रवेशाशी मी दरवर्षी अडतो. राजा डंकन मॅकबेथच्या घरी पाहुणा आहे; मॅकबेथ एकटाच बोलतो आहे, आणि स्वगताच्या आरंभीच तो 'असॅसिनेशन' हा शब्द योजतो. इंग्रजीत या नामाचा सर्वांत जुना ज्ञात वापर हाच मानला जातो. 'असॅसिन' हा मूळ शब्द अरबी, धर्मयुद्धांच्या काळात युरोपात पोचलेला, म्हणजे परका. 'किल' नुसती क्रिया सांगतो. 'स्ले'चा मूळ अर्थ प्रहार करणे. 'मर्डर'चे कूळ आपल्या 'मृ' धातूशी जुळते, पण त्याचा जुना रोख गुप्ततेवर होता. नॉर्मन राजवटीत मारेकरी हाती लागला नाही आणि मृत मनुष्य इंग्रज असल्याचे सिद्ध झाले नाही, तर त्या भागातील साऱ्यांवर 'मर्ड्रम' नावाचा दंड बसे. तो १३४० मध्ये रद्द झाला. त्याच स्वगतात पुढे, यजमानाचे कर्तव्य आठवताच, मॅकबेथच्या तोंडी 'मर्डरर' येतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नव्या, लांबलचक शब्दाने कृत्य दूर ठेवले होते; जुना शब्द ते घरात आणतो.

मराठीत हे अंतर तत्सम शब्दाने साधेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु आपल्या तत्सम शब्दांमागे पुराणे उभी आहेत. 'वध' कंसाचा, कीचकाचा. मरणारा त्यास पात्र होता, हे त्यात गृहीतच आहे. 'हत्या' ब्राह्मणाची, गाईची, भ्रूणाची. तिच्यात पाप आधीच नोंदलेले. इंग्रजी शब्द बहुधा कृत्याची रीत किंवा मृताचा दर्जा सांगतात. आपले शब्द बोलणाऱ्याचा पक्ष सांगतात. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला कोणी 'गांधीवध' म्हटले, की लेखकाची बाजू कळण्यासाठी पुढचा मजकूर वाचावा लागत नाही. (कायद्याच्या मराठीने 'सदोष मनुष्यवध' ही संज्ञा रूढ करून 'वधा'ला सोवळ्यातून बाहेर काढले खरे, रंगभूमीवर मात्र ती चालणार नाही.)

'राजवध' लिहावे, तर डंकन अपराधी ठरतो. 'हत्या' लिहावे, तर मॅकबेथ स्वतःला आरंभीच दोषी ठरवतो आणि स्वगताला पुढे सरकायला जागा उरत नाही. 'खून' फारसीतून आलेला, मूळ अर्थ रक्त. तो 'मर्डरर'साठी राखून ठेवणेच बरे. एका विद्यार्थिनीने नामच गाळून 'हे एकदा उरकले की' अशी रचना सुचवली. ती मी स्वीकारली आहे; मात्र अनोळखी शब्द जिभेवर घेताना मॅकबेथ किंचित अडखळल्यासारखा वाटतो, ते तिच्यात उतरत नाही.