कासचे पठार आणि दादींचा दुधी

सप्टेंबरातल्या एका रविवारी फजरनंतर आम्ही मिरजेहून निघालो. गाडीत आम्ही दोघे, दोन मुले आणि पुढच्या सीटवर दादी. कासच्या फुलांचे दादींना फारसे कौतुक नव्हते. "फुलं माझ्या परसातही आहेत, पण फळ कुठं धरतंय?" असे त्या कराड येईपर्यंत दोनदा म्हणाल्या. त्यांचे दुःख खरे होते. परसातल्या मांडवावर दुधीला दोन वर्षे भरपूर फुले येत होती. फुलामागे बोटभर दुधी दिसायचा, मग पिवळा पडून गळून जायचा. खत घालून झाले, औषध फवारून झाले. आता वेल उपटूनच टाकायची, असे घरात ठरत आले होते.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कास सुमारे २५ किलोमीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीचे हे पठार म्हणजे जांभ्या खडकाची मोठी फरशीच. तिच्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठ्या झाडाने मूळ धरावे कुठे? म्हणून पावसाळा सरताना सारी जागा चिमुकल्या रोपांची होते. फुलझाडांच्या ८५० च्या आसपास जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कासचा समावेश झाला.

आमच्याबरोबर जवळच्याच गावातला एक तरुण वाटाड्या होता. मुले मोबाइल काढून धावत सुटली, तेव्हा तो म्हणाला, "नुसती फुलं बघू नका. एका फुलापाशी थांबा आणि त्याच्यावर कोण येतंय ते बघा."

आम्ही पिवळ्या सोनकीपाशी थांबलो. सोनकीचे ताट उघडे असते. माशी आली, मधमाशी आली, फुलपाखरू आले. कुणालाही मज्जाव नाही. शेजारीच कवल्याचे पिवळे फूल होते. त्यावर दोन तांबूस ठिपके असतात, म्हणून पर्यटक त्याला मिकी माऊस म्हणतात. हे फूल मिटलेल्या पाकिटासारखे असते. मधमाशी त्यावर बसली की तिच्या वजनाने खालची पाकळी दबते, आत लपलेले पुंकेसर बाहेर येतात आणि पराग तिच्या अंगाला लागतात. हलक्या चिलटाचे हे काम नव्हे. निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा तर मोठाच रुबाब होता. मधमाशीला निळा, जांभळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो, लाल मात्र नीट दिसत नाही. पठारावर या रंगांची एवढी गर्दी का, याचे निदान एक कारण आम्हाला तिथे कळले.

कंदीलपुष्पाची रीत वेगळीच. त्याच्या वासाला भुलून बारीक माशी नळीत उतरते. आतले केस खाली वळलेले असल्याने तिला परत वर येता येत नाही. काही काळाने केस सुकतात आणि माशी पराग घेऊन सुटते. पुन्हा फसून ती दुसऱ्या कंदिलात शिरली की फुलाचे काम झाले.

पुढे गवतात एक पांढरे आमरीचे फूल दिसले. त्याच्या मागे बोटापेक्षाही लांब, बारीक नळी लोंबत होती. मध तिच्या तळाशी. "हे रात्रीच्या पतंगाचं," वाटाड्या म्हणाला. अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून फूल पांढरे. वास सुटतो तोही संध्याकाळनंतर.

मुलीने विचारले, "फुलाला कसं कळलं, पतंगाची सोंड किती लांब आहे ते?" फुलाला काही कळत नाही. एकाच जातीच्या रोपांतही कुणाची नळी थोडी आखूड, कुणाची थोडी लांब असते. आखूड नळीतला मध पतंग दुरूनच पिऊन जातो. लांब नळीसाठी त्याला डोके आत खुपसावे लागते आणि पराग चिकटतात. त्या रोपाला बी जास्त धरते. हजारो पिढ्या असे होत राहिले की नळी लांबत जाते. मादागास्करच्या एका आमरीची नळी जवळजवळ फूटभर आहे. ती पाहून १८६२ साली डार्विनने लिहिले की तेवढ्या सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. १८८२ मध्ये तो वारला. तशा पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले १९०३ साली.

दादी इतका वेळ गप्प होत्या. आता म्हणाल्या, "बाळा, दुधीचं फूलही पांढरंच असतं. संध्याकाळी उमलतं."

"मग तेही बहुतेक पतंगाचंच, आजी. संध्याकाळी तुमच्या परसात काय असतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. संध्याकाळी कामावरून आलो की फवारणीचा पंप पाठीला लावणारे आम्हीच होतो. मांडवाशेजारी रात्रभर जळणारा मोठा दिवाही आम्हीच बसवला होता. पतंग आलाच तर औषधात सापडणार, नाहीतर दिव्याभोवती फिरत राहणार. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, त्याला मधमाशी येते. तो परसात बरा धरत होता. दुधीचा पाहुणा मात्र आम्ही दारातूनच परतवत होतो.

घरी आल्यावर वेल राहू दिली. फवारणी थांबवली आणि मांडवाजवळचा दिवा बंद ठेवला. मगरिबनंतर दादी नर फूल खुडून आणायच्या आणि ज्या फुलामागे इवलासा दुधी असतो, त्या मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायच्या. अशी दोन फळे धरली. महिनाभराने मांडवाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे दादींचा हात पोहोचत नाही, तिथे तिसरा दुधी लोंबताना दिसला.

त्याची भाजी दादींनी त्या दिवशी स्वतः केली. ज्यांच्या परसात फुले येऊन फळ धरत नाही, त्यांनी औषधाची बाटली उघडण्याआधी एक संध्याकाळ वेलीपाशी बसून बघावे. फूल कुणाची वाट पाहत आहे, ते त्याच्या रंगावरून आणि उमलण्याच्या वेळेवरून पुष्कळसे कळते.