चंदीगडहून स्पितीला: गाडीत वॉकीटॉकी हवाच

चंदीगडचे रस्ते सरळ, सेक्टरना आकडे. इथे चुकामूक होणं अवघड. पण स्पितीला जाणाऱ्या कितीतरी गाड्या इथूनच निघतात. मनालीपुढचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडून ग्रांफूहून बातलकडे वळलं, की मोबाईलचा भरवसा संपतो. दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं. पुढची गाडी पार झाली आणि मागची दिसेचना, तर थांबायचं की परत फिरायचं? तिथे वॉकीटॉकी कामी येतो.

घेताना जास्त वॅटचा मोह आवरा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. इतर बहुतेकांना परवाना लागतो, ऑनलाइन सहज मिळत असले तरी! खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात; दरीत एक डोंगर आडवा आला की आवाज बंद. म्हणून गाड्या एकमेकींच्या नजरेत ठेवा.

अँटेनाचं गणित मजेशीर आहे. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटर लांब. तिच्या चौथ्या हिश्शाची, १७ सेंटिमीटरची अँटेना पुरते. २७ मेगाहर्ट्झला हीच काठी पावणेतीन मीटर होईल! टपावरची अँटेना केव्हाही सरस, पण विनापरवाना संचांची अँटेना अंगचीच असते, ती बदलायची नाही. गाडीचा पत्रा लहरी अडवतो, म्हणून संच खिडकीशी उभा धरून बोला. थंडीत बॅटरी लवकर उतरते. रात्री संच पांघरुणात घ्या.

निघण्याआधी सुखना तलावाकाठी चाचणी घ्या: एक संच आजोबांकडे, दुसरा नातवाकडे.