फोर व्हील ड्राइव्ह आणि बर्फ

"फोर व्हील ड्राइव्ह आहे रे, कंपनीचेच टायर चालतील!" इथे मिनेसोटात नवीन पिकअप घेणारा प्रत्येक देसी हेच म्हणतो. रस्ते साफ असले तर भागतंही. पण चारही चाकांची ताकद गाडी पळवायला. थांबवायचं काम रबराचंच! साधारण ७ अंश सेल्सियसखाली ऑल-सीझनचं रबर कडक होऊ लागतं. त्यात रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका. टायरवरचं 'एम प्लस एस' फक्त खाचांची रचना सांगतं. डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. आमच्याकडे सक्ती नाही. पण डेकेअरच्या वाटेवर उतारावरच सिग्नल आहे आणि मागच्या सीटवर लेक असते. मी चारही बदलले.

बाकी ज्याची त्याची मर्जी. फक्त माझ्या मागे असाल तर जरा अंतर ठेवा, बुवा!