सतरंज्या उचलण्यापलीकडे

सामाजिक संस्थांच्या वर्धापनदिनी एक तक्रार हमखास ऐकू येते: तरुण येतात, पण टिकत नाहीत. शिबिराला गर्दी, नंतर शुकशुकाट. बांधिलकी ही तरुणांनी शिदोरीसारखी घरूनच बांधून आणायची असते, असे या तक्रारीत गृहीत धरलेले असते. मला ते पटत नाही. आपल्याहून वेगळ्या वयाच्या माणसाबरोबर राबताना, त्याच्याकडून काही घेताना आणि त्याला काही देताना बांधिलकी जडते. ही देवघेव जिथे नाही, तिथून तरुण निघून गेले तर दोष त्यांचा कसा?

चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला बाबा आमटे यांनी १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात कॉलेजची मुले कुदळ-फावडे घेऊन राबतात, एवढेच तिच्याबद्दल बहुधा सांगितले जाते. पण उन्हात राबणे कुठेही जमते. सोमनाथची शेती कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी उभी केली. ज्यांच्या सावलीलाही समाज भ्यायला, ती वडीलधारी माणसे तिथे कामातली जाणकार ठरतात आणि धडधाकट बोटांचा विद्यार्थी नवशिका. श्रमप्रतिष्ठेवर दहा व्याख्याने दिली तरी ही उलटापालट साधणार नाही. १९८५ मध्ये मणक्याच्या दुखण्याने बसताही न येणारे, सत्तरीचे बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा सायकली घेऊन निघालेले तरुण त्यांच्या सोबत होते. अशी सोबत एका दिवसात जमत नाही. तिच्यामागे छावणीच्या कितीतरी उन्हाळ्यांचा सहवास होता.

याउलट राष्ट्रीय सेवा योजना पाहा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. चौकट वाईट नाही. शहरातल्या कित्येक मुलांना खेडे पहिल्यांदा दिसते ते तिच्यामुळेच. पण तास मोजता येतात म्हणून तासच मोजले जातात. मुले गटार उपसतात, पथनाट्य करतात, वाढीव गुण मिळवतात. गावातल्या म्हाताऱ्याला पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे मुरते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

ज्याला घर चालवायचे आहे त्याने फुकट का राबावे, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. त्याला गोड उत्तर नाही. प्रवासखर्च आणि जेवण न देणाऱ्या संस्थेत सुखवस्तू घरांतलीच मुले येणार, आणि मग तरुणाई स्वार्थी झाली असे म्हणायचा हक्क त्या संस्थेला उरत नाही. दुसरा आक्षेप अनुभवाचा: पोरांना काय कळते? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या साठी ते नव्वदीच्या आज्या पाटी घेऊन बसल्या आणि शिकवायला उभी राहिली ती गावातलीच एक तरुण सून. सासवांच्या वयाच्या बायकांनी सुनेला बाई म्हणून मान दिला. त्यात त्यांचा अनुभव कुठे कमी झाला नाही.

आपल्याकडे मात्र तरुण कार्यकर्ता म्हणजे सतरंज्या उचलणारा, हारतुरे आणणारा, हल्ली समाजमाध्यमांवर फोटो टाकणारा. तीस-तीस वर्षे अध्यक्षपद सोडवत नाही अशी मंडळीच नव्या पिढीच्या उदासीनतेवर बोलतात, हे जरा गमतीचेच आहे. निर्णय घ्यायला मिळत नाही तिथे शिकायला काय मिळणार? तेव्हा कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हिशेबाची वही पंचविशीतल्या कुणाच्या तरी हाती द्या आणि सतरंजीचे एक टोक स्वतः धरा. वहीत चुका होतील. त्या दाखवून द्यायला तुम्ही शेजारी आहातच.