वाजवून घ्या, बॉस!

विकेंडचा प्लॅन काय, असं शुक्रवारी ऑफिसात कुणी विचारलं आणि तुम्ही ‘खामगाव’ म्हणालात, तर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘लोणार’ म्हटलं असतं तर निदान ‘वॉव, तो पिंक लेक ना?’ एवढं तरी ऐकायला मिळतं. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि तेवढ्यापुरता बुलढाणा जिल्हा आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये येऊन गेला. मी मात्र निघाले होते एका गिटारसाठी.

मावसभावाचा फोन आला होता. “ताई, गिटारनं धोका दिला. तू जर्नालिस्ट ना? मग ये आणि सांग, हे यूट्यूबवाले खोटं बोलतात की नाही.”

साहेब शेगावला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दहावीच्या पोरांना गणित शिकवून वर्षभर पैसे साठवले आणि मागच्या ऑगस्टमध्ये साडेतेरा हजारांची इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन मागवली. आधी चाळीसेक रिव्ह्यू पाहिले. त्यातले दोन मीच फॉरवर्ड केलेले, त्यामुळे जाणं भागच होतं.

पुण्याहून रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की सकाळी शेगाव. स्टेशनवर कचोरी मस्ट! मुंबईहून हावड्याला जाणारी मेन लाइन खामगावला बगल देऊन जाते. गावात शिरायला जलंबहून वेगळा, जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा आहे. 1870 मध्ये तो टाकला तो माणसांसाठी कमी, कापसासाठी जास्त. मी मात्र शेगावहून रस्त्यानंच गेले. एप्रिलचा महिना, सकाळचे दहा, आणि ऊन असं की गॉगलच्या आतून डोळे दिपावेत. बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी सरळ वाटणी आहे. बुलढाणा शहर घाटावर, म्हणून जरा थंड. खामगाव घाटाखाली. बाकी समजून घ्या.

घरी पोचताच गिटार हातात. दिसायला सॉलिड! पण मानेवरून बोट खाली फिरवलं आणि ‘स्स्’ झालं. फ्रेट्सची, म्हणजे मानेवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं कडेनं बाहेर आली होती, करवतीसारखी. वरच्या तीन तारा झरझरत होत्या. व्हिडिओतला पठ्ठ्या तर म्हणाला होता, ‘बॉक्समधून काढा आणि वाजवा, काही करायची गरज नाही!’

“बघ, खोटारडा,” भाऊ म्हणाला.

रात्री गच्चीवर तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आधी फोनवर, मग हेडफोन लावून. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झवर वाजते. फोनचा इवलासा स्पीकर ती खोली देऊच शकत नाही, म्हणजे चाळीस व्हिडिओ पाहून भावानं गिटारचा बराचसा आवाज ऐकलाच नव्हता. हेडफोनवर आणखी गंमत कळली. मागे ड्रम्सचा ट्रॅक, वर रिव्हर्बचा मुलामा, आणि कोपऱ्यात उभा ॲम्प गिटारच्या कैक पट किमतीचा. वाजवणारा हात पंधरा वर्षं मुरलेला. त्यानं दोरीसुद्धा गोड वाजवली असती.

गिटार त्याला कंपनीनं पाठवली होती. हे त्यानं सांगितलं होतं, पण खाली डिस्क्रिप्शनमध्ये, ‘अधिक पाहा’ दाबल्यावर. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना काढल्या आहेत. फुकट वस्तू, कमिशन, काहीही मिळालं असेल तर व्हिडिओतच सांगा, बोलून आणि दाखवून. नुसतं डिस्क्रिप्शनमध्ये टाकून चालणार नाही. आता तुम्हीच आठवा, असं शेवटचं कधी ऐकलंत?

सगळेच तसे नसतात. जिम लिल नावाच्या अमेरिकन गिटारवाल्यानं एका व्हिडिओत गिटारची बॉडीच काढून टाकली, हवेत ताणलेल्या तारांखाली नुसता पिकअप ठेवला, आणि आवाज महागड्या गिटारच्या जवळपास आणून दाखवला. त्यात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ नाही. काय केलं ते पुढ्यात आहे, हवं तर करून बघा. स्वस्त गिटारवाल्यांसाठी ही केवढी आनंदाची बातमी! लाकडाच्या नावानं वाढवलेली किंमत विसरा, पिकअपकडे बघा.

हे ऐकून भाऊ गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “ताई, एक सांगू? आली त्या दिवशी मी पण पाच स्टार दिले होते.”

“टोकं तेव्हा टोचत होती?”

“अजिबात नाही.”

इथे माझी ट्यूब पेटली. ऑगस्टमध्ये पाऊस, हवेत दमट, लाकूड फुगलेलं. नंतर कोरडी थंडी आणि आता हा घाटाखालचा उन्हाळा, त्यात गिटार वरच्या तापलेल्या खोलीत. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. म्हणून टोकं बाहेर. मानही जराशी उलटी वळते, म्हणून तारा झरझरतात. यूट्यूबवाला खोटं बोललाच असं नाही. तो पहिल्या दिवसाबद्दल बोलत होता, एसीत बसून. सात महिन्यांनी त्याच गिटारवर पुन्हा व्हिडिओ कोण करतो? तोवर नवीन बॉक्स आलेला असतो!

सकाळी मावशीबरोबर बाजारात गेले. माठ घ्यायचा होता. मावशीनं सहा माठ उचलले, प्रत्येकाला बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला, पाच खाली ठेवले. आपण पुण्या-मुंबईवाले हाकेच्या अंतरावर दुकान असताना कार्टमध्ये टाकून मोकळे होतो. भावाला मात्र हवं ते मॉडेल गावात हातात घ्यायलाच मिळालं नव्हतं. त्याचा माठ दुसऱ्यानंच ठोकला, तोही हजार किलोमीटरवर.

खामगाव म्हणजे रजतनगरी. इथली चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली, लांबून लोक घ्यायला येतात. तिथल्याच एका कारागीर काकांकडे आम्ही गिटार घेऊन गेलो, बारीक कानस त्यांच्याकडेच असणार म्हणून. भावानं मोठ्या रुबाबात सांगितलं, “काका, निकेल सिल्व्हरचे फ्रेट्स आहेत.”

काकांनी चष्मा वर केला, नखानं पट्टी खरवडली आणि हसले. “सिल्व्हर कुठं हाय बाप्पा यात? हे तर जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल, जस्त. नावातच चांदी हाय, मालात नाही.”

फ्रेट्ससाठी धातू उत्तमच आहे, सगळीकडे तोच वापरतात. पण चाळीस व्हिडिओंत ‘निकेल सिल्व्हर’ ऐकून भावाला त्यात थोडी तरी चांदी असेल असं वाटलं होतं. (मलाही, खरं सांगायचं तर.)

काकांनी लाकडाला चिकटपट्टी लावून तासाभरात सगळी टोकं घासून गोल केली. पैसे घेतले नाहीत, फक्त ‘एक गाणं वाजव’ म्हणाले. मान आम्ही घरी ॲलन कीनं सरळ केली. पाव फेरा, मग थांबायचं, मग पुन्हा बघायचं. संध्याकाळपर्यंत झरझर गेली.

मग भावानं फोन माठाला टेकवून उभा केला आणि स्वतःचाच रिव्ह्यू नव्यानं करायला बसला. आधी टोकांचा क्लोज-अप, घासण्यापूर्वी काढलेला फोटोही. तारीख, गाव आणि त्या दिवशीचं तापमान सांगून टाकलं. वाजवायला लागला तर ॲम्पमधून घूंऽऽ असा आवाज. कूलरची मोटर! सिंगल-कॉइल पिकअप असलं सगळं टिपतो.

“कूलर बंद करू?” मी विचारलं.

“नको ताई, राहू दे. घाटाखाली गिटार अशीच ऐकू येते.”