टेलला पाणी

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात लीड्सला गेलो. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची दुपटी असं सगळं हिनं बांधून नेलं होतं. मला मात्र तिथं काहीच काम नव्हतं. कपडे मशीन धुणार, भांडी मशीन घासणार आणि मी खिडकीत बसून चार वाजता पडणारा अंधार बघणार.

जावई बागलकोटकडचे. या लग्नाला मी 'हो' म्हटलं होतं, पण मनापासून नव्हे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. बेळगावात पंप-मोटारी दुरुस्त करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. बैलहोंगल, गोकाकच्या शेतकऱ्यांशी दिवसभर कन्नडच बोलायचो. तरी जावयांशी बोलणं सुरुवातीपासून इंग्रजीत पडलं ते पडलंच. दोघंही जपून बोलत होतो.

घर तीन मजली, चाळीसारखं दोन्ही बाजूंनी शेजारच्या घरांना चिकटलेलं. खाली स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर. आपल्या बंबाचाच भाऊ म्हणा, फक्त हा पाणी तापवून पंपानं घरभर फिरवतो. खोलीखोलीत भिंतीला पत्र्याचे पोकळ रेडिएटर असतात, त्यांतून पाणी फिरून परत बॉयलरला येतं. बाळाची खोली सगळ्यांत वर, माळ्यावर. तिथला रेडिएटर खाली कोमट आणि वर गार. खोलीत थर्मामीटर होतं, ते चौदा अंश दाखवायचं. बाळाच्या खोलीत सोळा ते वीस अंश असावं असं तिथले लोक सांगतात. लेकीला दिवस भरत आलेले. मेकॅनिक मिळायला आठवडा लागणार होता.

रात्री मी वर जाऊन रेडिएटरवरून हात फिरवला. खाली ऊब, वर गार, म्हणजे वर हवा साठलेली. मोटार हवा धरते तसंच हे. जावई मागं येऊन उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "गाळि सिक्कोंडैत्री."

ते क्षणभर बघतच राहिले. मग हसून कन्नडमध्येच म्हणाले, "मग काढूया की."

हवा काढायचं काम सोपं आहे. आधी हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यायचा, नाहीतर उकळतं पाणी हातावर येतं. वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिट्टी असते. तिला छोटी किल्ली लावून हळूच पाव-अर्धा फेरा उलटा द्यायचा. कुकरच्या शिट्टीसारखा फुस्स आवाज येतो आणि हवा संपली की पाणी येतं. पाणी आलं की लगेच बंद. मी किल्ली धरली, जावयांनी खाली फडकं धरलं. पाणी आलं ते काळंकुट्ट, आतल्या लोखंडाच्या गंजाचं. "साकरी, बंद माडरी!" जावई ओरडले.

हवा गेली की पाण्याचं प्रेशर उतरतं. बॉयलरखाली एक लवचिक नळी होती. तिचे कॉक जरा उघडून काटा एक ते दीडच्या मधे आणला आणि कॉक पुन्हा घट्ट बंद केले. बॉयलरचं झाकण मात्र उघडलं नाही. गॅसच्या भागाला परवानावाल्यानंच हात लावायचा असा तिथला कायदा आहे, आणि तो बरोबरच आहे.

एवढं करून रेडिएटर वरपर्यंत सारखा झाला, पण नुसता कोमट. खाली दारातला मात्र हात लावू देत नव्हता. जावई जिन्यात बसून म्हणाले, "हे आमच्या कालव्यासारखंच झालं." त्यांची जमीन घटप्रभेच्या कालव्याच्या टेलला. वरचे लोक ऊस भिजवणार आणि यांच्या वडिलांनी रात्र रात्र पाटावर जागून काढायच्या. पाणी आलं तर आलं. हे मला कधी ठाऊकच नव्हतं. तसं मी कधी विचारलंही नव्हतं.

उपाय त्यातच होता. रेडिएटरच्या एका टोकाला आकड्यांची मूठ असते, ती सगळेच फिरवतात. दुसऱ्या टोकाला टोपीखाली एक साधा व्हॉल्व्ह असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. दारातल्या रेडिएटरचा तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून फक्त पाव फेरा उघडा ठेवला. मधल्या मजल्यावरचे थोडे जास्त उघडले, माळ्यावरचा पूर्ण सोडला. एकदा फिरवायचं, अर्धा तास थांबायचं, हात लावून बघायचं. असं करता करता रात्रीचा एक वाजला. त्या वेळात व्याह्यांची विहीर, त्यांच्या मोटारीचा जळका वास, कोणत्या वर्षी ऊस वाळला, सगळं बोलून झालं. इंग्रजी कोणालाच आठवलं नाही.

शेवटी वरून हाक आली, "मावारी, बिसि आत्री!"

सकाळी थर्मामीटर अठरावर होतं. जावयांनी लगेच गावी वडिलांना फोन लावला आणि टेलला पाणी आलं म्हणून सांगितलं.

इकडे ही माझ्यावर भडकली. रात्री आम्ही फडकं म्हणून धरलं होतं ते हिच्या आईच्या लुगड्याचं दुपटं निघालं. चारदा धुतलं, पण काळा डाग गेला नाही. नातीला पहिल्या दिवशी त्यातच गुंडाळली.